मशीन चालू असताना सांगायचं नाव

"नाव कानात सांग, पोरी. मशीनला ऐकू दे, भिंतींना नको."

वडिलांचा, आबांचा तो आवाज थोरलीला अजून ऐकू येई, तो मशीनच्या ठेक्यासकट. खडखड धप, खडखड धप, आणि त्या ठेक्यावर बसवल्यासारखे ते शब्द. तेव्हा ती विशीतली होती आणि आयुष्यातली पहिली बातमी हातात घेऊन खाली छापखान्यात उतरली होती. आबांनी बातमी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कान पुढे केला. कानाच्या पाळीला शाई लागलेली होती. तिने नाव सांगितलं. आबांनी नुसती मान हलवली, आणि ते नाव जे आत गेलं ते डोहात टाकलेल्या खड्यासारखं तळाशी जाऊन बसलं. वर तरंगसुद्धा उठला नाही.

तेव्हापासून आबांच्या साप्ताहिकाचा हाच शिरस्ता. ज्याचं नाव छापायचं नाही त्याचं नाव बातमीदाराने एकट्याने ठेवायचं नाही, संपादकाशिवाय कोणाला द्यायचं नाही आणि कुठे लिहायचं तर मुळीच नाही. मशीन चालू असताना कानात सांगायचं. संपले सोपस्कार.

आता कान पुढे करायची पाळी थोरलीची होती. आणि आज तिने कान पुढे करूनही तिची भाची तोंड उघडत नव्हती.

छपाईच्या दिवशी दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, ही आबांच्या वेळची रीत. खाली छापखाना, वर घर. जेवून उठायचं, हात पुसायचे आणि खाली उतरून पहिलं पान छपाईला सोडायचं. पण आज ताटं वाढून झाली तरी पहिलं पान तसंच लटकत होतं.

"ताई, मी तुला साधं विचारतो," बाळ म्हणाला. हा थोरलीचा धाकटा भाऊ. मिशा पांढऱ्या झाल्या, मशीनच्या आवाजाने एक कान गेला, तरी घरात बाळच राहिलेला. "मशीन कधी सुरू करू? छपाईची प्लेट तयार आहे. बातमी आहे की नाही, एवढं सांग."

"बातमी आहे. नाव नाही."

"मग बातमी नाही," बाळ म्हणाला आणि भात कालवायला लागला.

चिमणी ताटाकडे बघत होती. बाळची ही एकुलती एक. लहानपणी चिवचिव थांबायची नाही म्हणून पडलेलं नाव, आज अगदीच शोभत नव्हतं. बातमी तिची होती. टेकडीमागच्या वस्तीत पोरं आजारी पडत होती. उलट्या, जुलाब, ताप. सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन पोरं झोपवलेली. पाणी खातं सांगत होतं, वस्तीच्या पाण्याचे नमुने दर आठवड्याला तपासतो, सगळे स्वच्छ आहेत. चिमणीने वस्तीतल्या नळाचं पाणी स्वतः भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत दिलं, ते घाण निघालं. डॉक्टर बोलले, आया बोलल्या. इथपर्यंत बातमी चारी पायांवर उभी होती. पण तिच्यातलं खरं वाक्य पुढे होतं: खात्याने वस्तीतून नमुने घेतलेच नाहीत, टाकीजवळच्या नळावर बाटल्या भरून त्यांच्यावर वस्तीचं नाव लावलं. आणि हे वाक्य खात्यातल्या एकाच माणसाच्या शब्दावर उभं होतं.

"मी सांगितलंय नाव," चिमणी म्हणाली. "शिरस्ता पाळलाय मी."

"कोणाला सांगितलंस?"

"आबांना."

बाळचा घास तिथेच थांबला. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत आबा सफरचंदाची फोड चघळत बसले होते. आपलं नाव ऐकून ते सगळ्यांकडे बघून गोड हसले, एखाद्या लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यांकडे बघून हसावं तसं.

"आबांना," बाळ म्हणाला. "आज सकाळी त्यांनी मला विचारलं, आपण कुठले, काय काम काढलंत."

"तुम्ही काय सांगितलंत?" वहिनीने विचारलं. ही चिमणीची आई.

"म्हटलं, मशीन दुरुस्त करायला आलोय."

"खोटं नाही ते. गेली कित्येक वर्षं तेच करताय."

हसू फुटलं, पण टिकलं नाही. थोरली हसली नव्हती. "आबा संस्थापक आहेत, चिमणे. संपादक मी आहे."

"नियमात संपादक म्हटलंय. पहिल्या पानावर खाली अजून त्यांचंच नाव छापतो आपण. संस्थापक-संपादक."

"वकील व्हायला हवं होतंस," वहिनी म्हणाली. "आणि सगळे उगाच कुजबुजताय. घरात पाण्याचा माणूस बसलाय, त्यालाच विचारा की. काय हो भावोजी?"

टेबलाच्या टोकाला बसलेले पाणीकाका जगमधून पेल्यात पाणी ओतत होते. थोरलीचा नवरा. पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, म्हणून सगळ्या घराचे पाणीकाका. त्यांनी सवयीने पेला उजेडाकडे धरला, बघितला, मग आबांच्या हातात दिला.

"मी जेवायला आलोय, वहिनी," ते म्हणाले. "चपला खाली काढल्या, खातं तिथेच ठेवलं."

हे त्या नवरा-बायकोचं जुनं ठरलेलं. थोरली संपादक झाली त्याच दिवशी दोघांनी ठरवलं होतं की दारात चपला निघतील तिथेच खातं आणि पेपर दोन्ही काढून ठेवायचे. तिने कधी विचारायचं नाही की आज प्रयोगशाळेत काय झालं. त्यांनी कधी विचारायचं नाही की पहिल्या पानावर काय आहे. पाणीपट्टीवर सणसणीत अग्रलेख लिहिणारी बाई आणि खात्यातला माणूस एका टेबलावर कसे जेवतात, याचं लोकांना नवल. ते जेवत होते आणि सुखाने जेवत होते. बोलायला बाकी सगळं जग होतं.

बाळने मात्र भावोजींकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "छापून आलं की खातं एकच विचारणार, कोण बोललं? आणि पहिलं बोट कोणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको."

थोरलीने ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपलं. तिला काय वाटतंय ते तिने स्वतःलाही मोठ्याने विचारलं नव्हतं.

"मशीन गरम करायला घे, बाळ," ती म्हणाली. "पान मी सोडेन तेव्हा सोडेन."

*

हात धुवायच्या मोरीपाशी चिमणीने पाणीकाकांना गाठलं.

"काका, तुम्हीच सांगून टाका ना आत्याला."

त्यांनी नळ थोडा मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात बोलायचं हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, या आठवड्यात. त्याआधी त्यांनी तिला पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली तळवा धरून म्हणायचे, घाबरू नकोस, माझा हात आहे खाली. आणि ती हातपाय मारत पलीकडे पोचली की कळायचं, हात मघाशीच निघाला होता. पण त्या 'आहे'वर तिचा असा काही भरवसा बसला होता की पाण्यानेही तिला बुडवलं नाही.

"तुझ्या आत्याला सांगितलं तर ती आधी संपादक होईल की आधी बायको?" ते म्हणाले. "यातलं काही एक होऊन दुसरं मोडलेलं मला बघवणार नाही. म्हणून तुझ्याकडे आलो."

"ती नाव मागतेय. नाहीतर छापणार नाही म्हणते."

"ते बरोबरच आहे तिचं."

"मग?"

त्यांनी हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. "चिमणे, अजून एक..."

"काका, एक मी सांगते," ती घाईने म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "काल त्या दवाखान्यात एका आईने माझा हातच सोडला नाही. मी तिला म्हटलं, तुमच्यासाठी कोणीतरी बोलायला तयार झालंय. तिला तुमचं नाव ठाऊक नाही, पण तिने तुम्हाला हात जोडले. एवढ्या मोठ्या खात्यात एक माणूस असा निघाला, आणि तो माझा काका आहे. मला बाकी काही नको."

पाणीकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओल्या बोटांचा गारवा तिच्या भांगात उतरला. जे ओठापर्यंत आलं होतं ते मागे वळलं. शिव्या दिल्या असत्या तर बोलता आलं असतं, त्यांना वाटलं. एवढ्या मायेपुढे माणूस तोंड कुठे उघडतो? दारात कोणी हार घेऊन उभं असताना, थांबा, मी तो नव्हे, असं म्हणायला फार मोठी छाती लागते. ती आपल्याला नाही, हे त्यांना त्या मोरीपाशी नीट कळलं.

"भावोजी, चहा टाकू का?" आतून वहिनी.

"टाका," ते म्हणाले. तेवढंच बोलता आलं.

*

थोरली आबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. त्यांच्या मांडीवर सफरचंदाची साल पडली होती ती तिने वेचली. हनुवटीवरचा थेंब पदराने टिपला. खाली बाळ मशीनला तेलपाणी करत असावा, लोखंडावर लोखंड किणकिणत होतं.

आबांकडून हल्ली कोणालाही काहीही काढून घेता येई. कपाटाची किल्ली कुठे लपवली हे ते मोलकरणीला सांगत. वहिनीने एकदा गंमत म्हणून विचारलं तर त्यांनी तिला लग्नाआधीची आपली एक फजिती सांगून टाकली होती, आणि ती ऐकून वहिनीच लाजली. मनाची कडी निखळली होती. नुसतं दार ढकलायचं. हात धरून विचारायचं, आबा, चिमणीने कोणाचं नाव सांगितलं हो? एवढंच.

ज्या कानाने तिने सांगितलेलं नाव जन्मभर जपलं, त्याच कानाला गोंजारून चिमणीने सांगितलेलं काढून घ्यायचं.

तिने त्यांचा हात हातात घेतला. नखांच्या कडेला अजून शाई होती की तिला तसं वाटत होतं, कोण जाणे.

"आबा."

"हं, थोरले." आज त्यांनी तिला ओळखलं होतं. त्याने विचारणं आणखीच कठीण झालं.

"चिमणी तुमच्याकडे आली होती."

"चिमणी आली होती," ते कौतुकाने म्हणाले. "बसली माझ्यापाशी. केस किती वाढलेत तिचे."

थोरलीला आता फक्त विचारायचं होतं. विचारलंच नाही. पण म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारण्याआधीच त्याला ते ऐकू गेलं. संपादकाचा चेहरा संपादकाने ओळखला असावा.

"मशीन सुरू आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"मग कसं बोलणार?"

आणि तेवढ्यात खाली मशीन सुरू झालं. बाळने ते गरम करायला घेतलं होतं. जमीन हलकीशी थरथरली, कपाटातल्या पेल्यांनी अंग झटकलं. खडखड धप, खडखड धप. आबांचे डोळे एकदम तरुण झाले. त्यांनी थोरलीचं डोकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. तिला मागे सरकायचं होतं. नको आबा, म्हणायचं होतं. पण त्या आवाजात तिचंच तिला ऐकू येईना.

"नाव मला आठवत नाही गं," आबा तिच्या कानात म्हणाले.

मागे सरकायचं ती विसरली.

"त्याच दिवशी विसरलो. तिला सांगू नकोस. मी मान हलवली तशी पोरगी निर्धास्त झाली, आता काढून कशाला घ्यायचं? पण थोरले, ती मला नाव सांगताना बाहेरच्या माणसाबद्दल बोलतात तशी बोलली नाही. जपून, मऊ बोलली. घरातलं कोणीतरी आहे. मला वाटलं, तिने त्याला नीट विचारलं नसेल. बाहेरच्याला आपण उलटंपालटं करून विचारतो. आपल्या माणसाला चहा देतो."

एवढं बोलून ते मागे टेकले. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. "मशीन छान चाललंय," ते म्हणाले. "तो मिशावाला माणूस कामाचा दिसतो."

थोरलीने त्यांची शाल नीट केली. मग तिने डोळे पुसले आणि जिना उतरायला लागली.

*

छापखान्यात शाईचा आणि गरम तेलाचा वास कोंदला होता. कोरे कागद मशीनमधून नुसतेच ये-जा करत होते. चिमणी टेबलापाशी पहिल्या पानाचं प्रूफ घेऊन उभी होती. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दाराने आली आणि नणंदेचा चेहरा बघून ट्रे तसाच धरून राहिली. पाणीकाका दारात होते, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, अनवाणी. खाली येऊनही त्यांनी चपला घातल्या नव्हत्या.

थोरलीने चिमणीला जवळ घेतलं. मशीन सुरू होतंच.

"मला नाव नको," ती तिच्या कानात म्हणाली. "नाव तुझ्याकडे राहू दे. बातमीबद्दल विचारते. त्या बाटल्या टाकीजवळच्या नळावर भरल्या, हे तुझ्या माणसाने डोळ्यांनी बघितलं?"

"हो."

"दर वेळी तो तिथे होता?"

"हो. म्हणाले, दर वेळी."

"मग भरत कोण होतं?"

चिमणीने प्रूफकडे बघितलं. "तो... नमुने आणणारा माणूस असतो ना. वेगळा असतो."

"तो गेल्या साली निवृत्त झाला. त्याचा निरोप समारंभ आपण आतल्या पानावर छापला, फोटो तूच काढलास. त्याच्या जागी कोण आलं?"

"मी विचारलं नाही, आत्या."

"का नाही विचारलंस?"

चिमणीने हातातलं प्रूफ टेबलावर ठेवलं. "विचारायचं सुचलंच नाही. असं विचारतं का कोणी..." आणि मग ती आत्याकडे बघतच राहिली, कारण पुढचा शब्द 'काकांना' होता, आणि तो न उच्चारताही दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला.

थोरलीने दाराकडे बघितलं नाही. फार वर्षं एका माणसाकडे न बघताही तो खोलीत कुठे उभा आहे हे तिला ठाऊक असे. आज रात्री पेल्यातलं पाणी उजेडाकडे कोण धरणार, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

"उद्या खातं हाच प्रश्न विचारेल," ती चिमणीला म्हणाली, आता मशीनवरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "ते उत्तर त्यांच्याकडे तयार असेल. ज्याने बाटल्या भरल्या तोच आता साळसूदपणे बोलतोय, म्हणतील. मग बातमी त्या एका माणसाची होईल. पोरांबद्दल कोणी बोलणार नाही, आणि वस्ती तेच पाणी पीत राहील. छापायचं तर हे आपल्याला आज कळलं पाहिजे. ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून."

चिमणी वळली. पाणीकाका पायरीवरून खाली आले होते. ती त्यांच्याकडे अशी बघत होती जशी लहानपणी पलीकडच्या काठाला पोचल्यावर मागे वळून बघायची, हात कुठे आहे ते.

"काका?" ती म्हणाली.

ते आधी बायकोकडे गेले. थोरलीने कान पुढे केला. सवयीने केला, आबांसारखाच, मान थोडी तिरकी करून. तिच्या कानामागे एक पांढरी बट सुटली होती. ती त्यांनी बोटाने मागे सारली आणि कानात काहीच न बोलता ते बाळकडे वळले.

"बाळ, मशीन बंद कर."

"काय?" बाळने चांगला कान पुढे केला.

"बंद कर म्हटलं."

बाळने बहिणीकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने खटका ओढला. खडखड धप, मग नुसतं धप, मग लांब सुटलेला श्वास. आणि एवढी शांतता झाली की ट्रेमधल्या कपबशा आपापसात बोलताना ऐकू आल्या. या खोलीत शांततेत कोणी नाव सांगितल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"नमुने आणायचं काम माझ्यावर आलं, आणि वस्तीकडे जायची गाडी बंद केली आमची," पाणीकाका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका लागत होता. "साहेब म्हणाले, पाइप एकच, पाणी एकच, टेकडी कशाला चढता. माझे गुडघे तेव्हा धरलेले. मला बरंच वाटलं. मधे पाइप फुटला, गटाराजवळ, ते मला कळलं, तरी मी चढलो नाही." ते थांबले. मग चिमणीकडे बघून म्हणाले, "दुसरा माणूस कोणी नव्हता, चिमणे. वस्तीच्या नावाच्या सगळ्या बाटल्या मीच भरल्या. माझं नाव घालून छापा."